उभ्या तागात रोलर

त्या वर्षीचा पावसाळा संपला तेव्हा लंकाबाईची माती लंकाबाईच्याच शेतात होती, आणि त्या मातीत सोयाबीन मांडीला लागत होतं. म्हणजे बाई जिंकली. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू या. सरकारदप्तरी त्या शेताचं त्या वर्षी संपूर्ण वाटोळं झालेलं आहे, आणि दप्तरात नसलेली गोष्ट घडली असं म्हणणाऱ्या माणसाला पुढे फार चकरा माराव्या लागतात. तेव्हा काहीही घडलेलं नाही. जून महिना आहे, ताग उभा आहे आणि लंकाबाई संतापलेली आहे.

संताप ही तिची कायमची प्रकृती. काही माणसांना बीपी असतं, लंकाबाईला अन्याय होता. सकाळी उठल्याबरोबर व्हायचा, जेवणानंतर वाढायचा.

पण मातीच्या बाबतीत तिचं खरं होतं, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. दिंडोरीच्या अलीकडे उंबरदरी गाव, गावाच्या वरच्या अंगाला तिचं उताराचं शेत, आणि बांधाखाली नवनाथचं सपाट. दर पावसाळ्यात लंकाबाईची काळीभोर माती गढूळ पाणी होऊन बांध ओलांडायची आणि खाली नवनाथकडे नांदायला जायची. नांदायला गेलेली पोर निदान दिवाळीला माहेरी येते. ही कधीच आली नाही. लंकाबाईच्या शेतात खडक डोकं वर काढू लागला आणि नवनाथचं सोयाबीन बाळसं धरू लागलं. वर तो बांधावर उभा राहून विचारायचा, "काकू, तुमचं सोयाबीन असं रोडावलं कशानं? खत बदलून बघा ना."

"खत नको मला. माझी माती दे परत."

"ती आता आमच्यात मिसळली ना काकू. रुळली चांगली."

हे बोलून नवनाथ प्रेमाने हसायचा. तो मनाने वाईट नव्हता, आणि लंकाबाईचा खरा राग याच गोष्टीचा होता. वाईट माणसाशी भांडता येतं.

गेल्या हिवाळ्यात दिंडोरीला शेतकरी मेळावा झाला. बोलावणं लंकाबाईचे यजमान वाल्मीकराव यांना होतं. वाल्मीकरावांना बोलावलं की लंकाबाई जाते, ही घरची पद्धत. तिथे शेतीशाळेतून आलेल्या एक बाई पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाल्या, "सोयाबीन निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत तुमची जमीन उघडी असते."

लंकाबाई उठून उभी राहिली. "कुणाची उघडी असते?"

"सगळ्यांचीच, मावशी."

लंकाबाईने आजूबाजूला पाहिलं. सगळे बाप्ये खाली माना घालून मोबाइल बघत होते. त्यांना लाज वाटते आहे अशी तिची समजूत झाली, आणि हा विषय शेतीचा नसून अब्रूचा आहे हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. पुढचं तिने कान टवकारून ऐकलं. सोयाबीनच्या आधी ताग पेरायचा, फुलावर आला की आहे तिथेच आडवा पाडायचा, कापायचा नाही, उचलायचा नाही. त्याच्याच पांघरुणात भोकं पाडून सोयाबीनचं बी टोकायचं. पावसाचा मार पांघरूण खातं, माती जागची हलत नाही.

घरी येऊन तिने पायातली चप्पलही काढली नाही. "आपली जमीन सगळ्या गावासमोर उघडी पडलीय आन् तुम्ही चहा पिऊ राहिले?"

"हो," वाल्मीकराव म्हणाले. त्यांचा सगळा संसार या एका शब्दावर उभा होता.

एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी देऊन ताग पेरला गेला. तो वाढू लागला तसे गावातले लोक बांधावर येऊन उभे राहू लागले.

"काकू, हे विकायचं कुठं?"

"विकायचं नाय."

"मग काय, जनावराला?"

"नाय."

"भाजी करतात का याची?"

"तू कर. आडवं पाडायचंय ते."

"पाडून मग उचलायचं?"

"उचलायचं नाय. पाडून ठेवायचं."

यावर माणूस थोडा वेळ आभाळाकडे बघायचा, मग वाल्मीकरावांकडे, मग हळूच विचारायचा, "काकूंचं सगळं बरं हे ना?" आणि वाल्मीकराव म्हणायचे, "हो."

जूनमध्ये ताग फुलला. सगळा उतार पिवळाधमक झाला आणि गावाचं मत एका रात्रीत फिरलं. ज्यांनी नाक मुरडलं होतं ते बायकापोरांना घेऊन फोटो काढायला आले. नाशिकहून एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं; त्यांच्या फोटोवाल्याने वाल्मीकरावांना त्यांच्याच शेतातून हात करून बाजूला व्हायला सांगितलं आणि ते झालेही. लंकाबाई विळा घेऊन धावली तेव्हा नवरी मुलगी म्हणाली, "आंटी, इतकं सुंदर शेत, तुम्हाला आनंद नाही होत?"

"अंथरुणावर चप्पल घालून चढतेस का तू घरी? मग माझ्या मातीच्या पांघरुणात कशाला घुसली?"

नवरी मुलीने हे वाक्य नवऱ्या मुलाला इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

फुलं आली म्हणजे वेळ आली. आता पाडला तर ताग पाडल्या जागी मरणार. चार दिवस दम धरला तर शेंगा भरणार, खोडं निबर होणार, आणि मग त्याला काढायला शेवटी नांगरच घालावा लागणार. आणि नांगरलेली भुसभुशीत माती, त्यात उतार, वर पाऊस तोंडावर आलेला. पहिल्या झोडपणीतच सगळी वरात नवनाथच्या दारात. लंकाबाईला रात्री स्वप्नात नवनाथ हार घेऊन उभा दिसू लागला.

तिने पिंपळगावच्या वेल्डरकडून जाड लोखंडी नळ्याला आडव्या पट्ट्या मारून रोलर करून आणला. वेल्डरने विचारलं होतं, "रस्ता करायचाय का, मावशी?" ती म्हणाली, "रस्ता बंद करायचाय." पुतण्या रविराज याचा ट्रॅक्टर एरवी द्राक्षबागेत फवारणीला जायचा. त्याला रोलर जोडला आणि सकाळीच काम सुरू झालं. मागे लंकाबाई चालत होती आणि ओरडत होती.

"दाब! अजून दाब! मान मोड त्याची! उठला नाय पाहिजे परत!"

"काकू, हळू ओरडा ना, मी ट्रॅक्टर चालवू राहिलो, खून नाय करू राहिलो."

"तू बोलू नको. तो बघ, तिकडं एक जिवंत राहिला!"

नेमका त्याच वेळी नवनाथ बांधावर आला आणि जागच्या जागी थिजला.

आता इथे नवनाथला दोष देता येणार नाही. उभ्या पिकात यंत्र घालण्याचा नाशिक जिल्ह्यात एकच अर्थ होतो. टोमॅटोला भाव नसतो, कांद्याला भाव नसतो, कोबी उचलायची मजुरी निघत नसते, तेव्हा शेतकरी उभ्या पिकात रोटर घालतो. घालताना रडतो, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढतो. नवनाथने स्वतः मागच्या साली कोबीत रोटर घातला होता आणि तो हमसून हमसून रडला होता. पण तेव्हा मोबाइल चार्जिंगला लावलेला असल्यामुळे त्याचं दुःख वाया गेलं होतं. दुसऱ्या कुणावर ती पाळी येऊ नये म्हणून त्याने मोबाइल काढला. डोळ्यांत खरं पाणी होतं. व्हिडिओला त्याने मागे बासरी लावली आणि वर लिहिलं, "तागाला भाव नाही! माउलीने उभ्या पिकात घातला रोलर!"

बासरीमुळे लंकाबाईचे शब्द ऐकू येत नव्हते. फक्त तोंड दिसत होतं, आणि ते तोंड महाराष्ट्रातल्या तमाम शेतकरी स्त्रियांचा आक्रोश करत होतं.

दुपारपर्यंत व्हिडिओ लासलगावच्या कांदा बाजारात पोचला. लिलाव थांबवून लोक तो बघू लागले. कुणीतरी विचारलं, "पण तागाचा भाव होता किती?" कुणालाच माहीत नव्हतं. त्याने संताप दुप्पट झाला. भाव माहीतसुद्धा नाही, इतका पडलाय!

अर्धा ताग आडवा झाला होता, अर्धा उभा होता, तेवढ्यात बांधाशी पांढऱ्या गाड्या थांबल्या. पहिल्या गाडीतून सावळीराम नाना उतरले. नाना शेतकऱ्यांचे नेते होते. कुठल्या संघटनेचे ते दर सहा महिन्यांनी बदलायचं, म्हणून गावात नुसतंच नेते म्हणत. ते थेट ट्रॅक्टरसमोर गेले आणि तागात उताणे आडवे झाले.

"आधी माझ्यावरून घाला रोलर!"

रविराजने काकूकडे पाहिलं. काकूने क्षणभर विचार केला. तो क्षण रविराजला आवडला नाही. त्याने इंजिन बंद केलं. नानांच्या माणसाने लगोलग किल्ली काढून खिशात टाकली.

"माउली," नाना पडल्या पडल्या म्हणाले, "टोकाचं पाऊल उचलू नका."

"टोकाचं नाय, टोकणीचं हाय! उद्या सोयाबीन टोकायचंय मला. उठा तिथून."

"बघा, दुःखानं माउलीचं भान हरपलंय."

"माझं भान बरोबर हाय. मीच पेरला, मीच पाडू राहिले. असंच करायचं असतं."

"असंच करायचं असतं!" नाना उठून मोबाइलवाल्यांकडे वळले. त्यांचा आवाज फाटला. "ऐकलंत? आज शेतकऱ्याला वाटतंय, पेरायचं आणि स्वतःच्या हाताने मोडायचं, असंच करायचं असतं! कुणी आणली ही वेळ?"

"तुम्ही आणली. किल्ली द्या."

"राग आमच्यावर काढा, माउली. काढा. आम्ही तुमचेच."

लंकाबाईने असा अन्याय आजवर पाहिला नव्हता. तिच्यावर अनेकदा अन्याय झाले होते, पण ते तिच्या विरोधात तरी झाले होते. हा तिच्या बाजूने होत होता. त्याला कुठून धरावं हेच तिला कळेना. "अहो, तुम्ही तरी सांगा यांना," ती नवऱ्यावर ओरडली.

नानांनी वाल्मीकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, घरात फार ताण आहे का?"

"हो," वाल्मीकराव म्हणाले. पहिल्यांदाच मनापासून म्हणाले.

तेवढ्यात स्कूटीवरून तलाठी हर्षाली मॅडम आल्या. वरून फोन आला होता: व्हिडिओ फिरतोय, ताबडतोब पंचनामा करा. मॅडम तरुण होत्या, नवीन होत्या, आणि त्यांना खरोखर मदत करायची होती. त्यांनी मोबाइल उघडला.

"काकू, पंचनामा पूर्ण होऊन वरिष्ठांची सही होईपर्यंत शेत आहे तसंच ठेवायचं. कुणी हात लावायचा नाही."

"सही कधी होईल?"

"साहेब सध्या बैठकीत आहेत."

"बैठक कधी संपंल?"

मॅडमना या प्रश्नाचं हसू आलं. त्यांनी पुढचं विचारलं. "नुकसानीचं कारण?"

"नुकसान झालेलंच नाय."

"तसा पर्याय नाही, काकू. अतिवृष्टी, गारपीट, पूर, आग, कीड किंवा वन्यप्राणी. यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"मी पाडला. मी. लंकाबाई. टाका तसं."

"'मी' पण नाही यात." मॅडम काकुळतीला आल्या. त्यांनी आडव्या तागाकडे पाहिलं, मग कोरड्या आभाळाकडे. पाऊस नाही, गारा नाहीत, आग नाही. "बाहेरून येऊन कुणीतरी मोठ्या जनावराने लोळून पाडल्यासारखं आहे ना? मग वन्यप्राणी टाकते. आता कोणता प्राणी? हत्ती आपल्याकडे नाहीत. रानडुक्कर चालेल?"

"मला इचारू राहिली का तू, रानडुक्कर चालंल का?"

"टाकलं. झालं, पुढचं पान उघडलं!" मॅडमचा चेहरा खुलला. पंचनाम्यासाठी त्यांनी लंकाबाईचा एक फोटो काढला. तो चुकून 'प्राण्याचे छायाचित्र' या जागी चढला, आणि तिथून तो काढायची सोय नव्हती. मॅडम स्कूटीवरून परत गेल्या.

आता मात्र लंकाबाईचा राग बोलण्यापलीकडे गेला. ती गप्प बसली. तिच्या घरात ही फार घाबरायची गोष्ट होती. वाल्मीकराव न सांगता गोठ्यात गेले. पश्चिमेला त्र्यंबकच्या अंगाने आभाळ काळं झालं होतं. खालून गार वारा येत होता. ट्रॅक्टरची किल्ली नानांच्या माणसाच्या खिशात, ताग उभा, आणि बांधाच्या पलीकडे नवनाथ डोळे पुसत तिच्यासाठी चहा करून आणत होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं. पाऊस पडला की माती त्याचीच होणार होती आणि तरी तो रडत होता. याहून जास्त संताप येईल असं जगात काय असतं?

खाली मान घालून बसलेल्या तिला तेव्हा एक गोष्ट दिसली. नाना जिथे आडवे झाले होते तिथला ताग परत उठला नव्हता. नाना अंगाने भरलेले होते. खोडं बुडाशी मोडून जमिनीला सपाट चिकटली होती. नानांची पूर्ण आकृती, पोटासकट. रोलरनेही इतकं नीट काम केलं नव्हतं.

लंकाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि गळा काढला.

"नाना हो! माझं लय नुकसान झालं हो!"

नाना आनंदाने धावले. "बोला, माउली, मोकळ्या व्हा!"

"तुम्ही एकटे आडवे झाले. एकट्याचं कोण ऐकतं? सरकारला दिसाया नको, शेतकरी किती आडवा झालाय ते?"

नानांच्या डोळ्यांत वीज चमकली. त्यांनी आयुष्यात रास्ता रोको केला होता, ठिय्या केला होता, पाण्याच्या टाकीवर चढले होते. लोळण आंदोलन अजून कुणीच केलं नव्हतं. त्यांनी फोन फिरवले. दोन तासांत माणसं आली. दिंडोरीहून, लासलगावच्या बाजारातून कांद्याच्या रिकाम्या ट्रॅक्टरांतून, काही तर रस्त्याने जाताना गर्दी दिसली म्हणून. सगळी तागात आडवी झाली आणि घोषणा देऊ लागली, "तागाला हमीभाव मिळालाच पाहिजे!" लंकाबाई त्यांच्यामधून पदर खोचून फिरत होती.

"ए दादा, तू एकाच जागी काय झोपला? सरकार तिकडल्या कोपऱ्याकडं पण बघतंय. सरक."

"सरकतो, मावशी."

"तसं उभं नाय लोळायचं, उताराला आडवं लोळ. माती धरली पाहिजे ना."

"आंदोलनात उभं-आडवं असतं का, मावशी?"

"शेतकऱ्याच्या आंदोलनात असतं. आन् बुडाशी जोर दे. शेंड्यावर लोळून काय होतं?"

नवनाथही लोळला. लंकाबाईने त्याला मुद्दाम खालच्या बांधालगतचा पट्टा दिला, जिथून माती जायची. त्याने तो इतक्या श्रद्धेने लोळून काढला की एक काडी उभी राहिली नाही. तिन्हीसांजेला शेवटचा ताग पडला, नानांनी आंदोलन यशस्वी झाल्याचं जाहीर केलं, लोकांनी अंगावरची पिवळी फुलं झटकली आणि पावसाचे पहिले टपोरे थेंब पडले.

रात्रभर कोसळला. सकाळी लंकाबाई खालच्या बांधावर उकिडवी बसून पाणी बघत होती. तिच्या शेतातून नवनाथकडे जाणारं पाणी नितळ होतं. इतकं नितळ की तिने ओंजळीत घेऊन पाहिलं, वास घेतला, आणि मग इकडेतिकडे कुणी बघत नाही अशी खात्री करून थोडं हसली. पण हेही आपण पाहिलेलं नाही.

हर्षाली मॅडम आल्या आणि दचकल्या. "काल अर्धंच होतं ना?"

"रात्री आले परत," लंकाबाई म्हणाली.

मॅडमनी नोंद दुरुस्त केली: संपूर्ण नुकसान, रानडुकरांचा कळप.

पाऊस उघडून जमिनीला वाफसा येताच लंकाबाईने पांघरुणातून सोयाबीन टोकलं. ओल्या तागाखालून कोवळी पानं वर डोकावली, आणि खरा छळ तिथून सुरू झाला. संपूर्ण नुकसान झालेलं शेत म्हटल्यावर ते बघायला माणसं येऊ लागली. एक शिष्टमंडळ आलं आणि हळहळत रांगेने उगवत्या सोयाबीनवरून चाललं. दुसरं आलं, त्याने तिथेच दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहिली. तागाला की लंकाबाईला, ते स्पष्ट झालं नाही. नाना दर आठवड्याला येत आणि बोट दाखवून सांगत, "इथं माउलीचं सगळं संपलं," आणि ज्या बुटाने ते वळत त्या बुटाखाली चार रोपं खरोखरच संपत. लंकाबाई ओरडली की लोक एकमेकांना म्हणत, "सावरल्या नाहीत अजून."

माती वाचवली ती यांच्या बुटांखाली घालायला का, असा तिचा सवाल होता. मग तिने रविराजला समोर बसवलं, वाल्मीकरावांना साक्षीला बसवलं, आणि पुढील अर्ज सांगून लिहून घेतला. तो रीतसर दाखल झाला आहे. त्याची पोच मिळाली आहे. बाकी काही मिळालेलं नाही.

"प्रति, मा. साहेब (जे कोणी बैठकीतून बाहेर येतील ते) यांसी.

विषय: वन्यप्राणी म्हणून मिळावयाच्या संरक्षणाबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, आपल्या पंचनाम्यामध्ये माझे छायाचित्र जोडून माझी नोंद रानडुक्कर अशी करण्यात आलेली आहे. सदर नोंद रद्द करण्याची तरतूद नसल्याचे मला तोंडी कळविण्यात आले. त्यास माझी आता हरकत नाही. परंतु वन्यप्राणी ठरल्यावर वन्यप्राण्यास मिळणारे सर्व लाभ मिळणे हा माझा हक्क आहे. सबब, उंबरदरी येथील माझे उताराचे शेत, त्यातील ताग, त्याखालील माती व त्यातून उगवलेले सोयाबीन यांसह, अर्जदाराचा नैसर्गिक अधिवास म्हणून अभयारण्य घोषित करण्यात यावे. बांधावर तारेचे कुंपण शासकीय खर्चाने घालून मिळावे. नेते, शिष्टमंडळे, मोबाइलधारक व विवाहेच्छुक जोडपी यांना वनरक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय प्रवेश मनाई करावी. आणि पेरणी ते काढणी या अर्जदाराच्या विणीच्या हंगामात परिसरात सहानुभूती व्यक्त करण्यास सक्त बंदी घालण्यात यावी, ही नम्र विनंती."